तीन अदृश्य प्रकाश

धनत्रयोदशीच्या आधीचे दोन दिवस नाशिकच्या भांडी बाजारात उभे राहायला जागा नसते. घेतलेल्या भांड्यावर नाव घालून घ्यायचे ही आपल्याकडची जुनी रीत. पूर्वी दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस हातातल्या विजेच्या मशीनने कर्रकर्र आवाज करत नाव कोरायचा. अक्षर त्याच्या वळणाचे, आणि ‘सौ.’वरच्या मात्रा त्याच्या मर्जीप्रमाणे. आता काही दुकानांत टेबलावर लेझरचे मशीन आले आहे. डबा खाली ठेवायचा, संगणकावर नाव टाइप करायचे, आणि सात-आठ सेकंदांत छापल्यासारखी सुबक अक्षरे उमटतात. डब्यावर एक पांढरीशुभ्र ठिणगी नाचताना दिसते. ती बघायला लहान मुले टेबलाला नाक लावून उभी असतात.

सगळे डब्याकडे बघत असतात, आणि मी त्या मुलांच्या डोळ्यांकडे. कारण त्यांना जी ठिणगी दिसते, ती लेझर नव्हेच. ती तापून वाफ झालेल्या धातूची चमक आहे. खरा लेझर १.०६४ मायक्रॉन तरंगलांबीचा असतो आणि माणसाच्या डोळ्याला तो दिसत नाही. आपल्याला जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत, म्हणजे सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉनपर्यंतच दिसते. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) तांबड्याच्या पलीकडचा सगळा प्रदेश अवरक्त प्रकाशाचा. विल्यम हर्शेलने १८०० साली लोलकातून पाडलेल्या वर्णपटात तांबड्याच्या बाहेर तापमापक ठेवला आणि पारा वर चढला, तेव्हा या प्रदेशाची पहिली ओळख झाली.

आज कारखान्यांतले बहुतेक कापणारे, कोरणारे, जोडणारे लेझर याच न दिसणाऱ्या प्रदेशातले आहेत. पण तिथेही एकच प्रकाश नाही. मला त्यांतल्या तीन प्रकाशांबद्दल लिहायचे आहे. त्यांतला तिसरा, मध्य-अवरक्त फायबर लेझर, सध्या सर्वांत कमी माहितीचा आणि सूक्ष्म कामासाठी फार आशेचा. मात्र तिथे पोहोचण्याआधी पहिले दोन समजून घ्यावे लागतात. ते न समजल्याची किंमत मी पाहिली आहे, आणि ती मला चुकवावी लागली नाही, दुसऱ्याला लागली.

मी शिकलेला शास्त्रज्ञ नाही. आयटीआय करून टर्नर झालो, अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे काढली. पदार्थविज्ञान मी सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकांतून, मशीनबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकांमधून आणि बिघडलेल्या कामांतून शिकलो. त्यामुळे मी सांगणार आहे ते एका साध्या वस्तूच्या आधाराने: पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची एक शीट. दुकानाच्या पाट्या, पारितोषिकांची चिन्हे, देवाच्या फोटोपुढचे आवरण यांत वापरतात तीच.

पहिला प्रकाश: बारामतीचा

आमच्या वर्कशॉपमध्ये आलेला पहिला लेझर कार्बन डायऑक्साइडचा होता. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. अ‍ॅक्रिलिक कापायला त्याच्यासारखा दुसरा नाही. कापलेली कड जणू पॉलिश केल्यासारखी चकचकीत येते.

या लेझरचा जनक कुमार पटेल हे बारामतीत जन्मले, ही गोष्ट मला मशीन चालवायला लागून बारा वर्षे झाल्यावर कळली. १९३८चा त्यांचा जन्म. पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले, १९६१ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले, आणि १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर तयार केला. थिओडोर मेमनने माणकाचा पहिला लेझर दाखवला त्याला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. पुढे १९९६ साली पटेलांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.

त्यांचे वेगळेपण कुठे होते? त्या काळातले बहुतेक लेझर अणूंमधल्या इलेक्ट्रॉनच्या उड्यांवर चालत. पटेलांनी रेणूच्या थरथरण्याकडे लक्ष दिले. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत मध्ये कार्बन आणि दोन बाजूंना ऑक्सिजन असतो. हे तिघे स्प्रिंगने जोडलेल्या गोट्यांसारखे हलत असतात, ताणतात, वाकतात. नायट्रोजनचे रेणू विजेने थरथरते करून ती थरथर कार्बन डायऑक्साइडला द्यायची, आणि त्याने ती प्रकाशरूपाने सोडायची, अशी ही योजना. रेणूंची ही थरथर अवरक्त प्रदेशात, साधारण २-३ मायक्रॉनच्या पुढे पडते. म्हणून त्यातून निघणारा प्रकाशही तिथलाच.

आता हीच गोष्ट उलट करून पाहा. रेणू थरथरून या प्रदेशातला प्रकाश देतात, तर या प्रदेशातला प्रकाश पडल्यावर रेणू थरथरतीलही. अ‍ॅक्रिलिकच्या लांबलचक रेणूंमध्ये १०.६ मायक्रॉनच्या आसपास प्रतिसाद देणारे बंध आहेत. म्हणून हा प्रकाश शीटच्या पृष्ठभागावरच, मिलिमीटरच्या लहानशा अंशात शोषला जातो. पृष्ठभाग वितळतो, वाफ होतो, किरण पुढचा थर घेतो आणि शीट कापली जाते. आपल्या डोळ्यांना आरपार दिसणारे अ‍ॅक्रिलिक पटेलांच्या लेझरपुढे भिंत असते. म्हणून या मशीनच्या झाकणाला पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची खिडकी बसवतात. आतून विखुरलेला किरण तिथे अडतो आणि कारागिराला काम दिसत राहते.

हे वाक्य मी मनात पक्के बसवले होते: अ‍ॅक्रिलिक असले की डोळे सुरक्षित.

दुसरा प्रकाश: माझी चूक

पुढे फायबर लेझर आले. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूच्या गाभ्यात यटर्बियम या मूलद्रव्याची किंचित भेसळ केलेली असते. त्याला छोट्या डायोडच्या प्रकाशाने ऊर्जा देतात, आणि तंतूतच लेझर तयार होतो. आरसे जुळवणे नाही, गॅस भरणे नाही. तंतू वळवून हवा तिथे न्यावा. तरंगलांबी सुमारे १.०६ ते १.०८ मायक्रॉन. धातू हा प्रकाश १०.६ मायक्रॉनपेक्षा बराच जास्त शोषतो, म्हणून पत्रा कापणे आणि धातूवर कोरणे या कामांत त्याने जुन्या लेझरला मागे टाकले. भांडी बाजारातले मशीन याच जातीचे.

एका स्नेह्याच्या वर्कशॉपमध्ये असे २० वॅटचे मशीन आले. उघडेच, टेबलावर ठेवायचे. त्यावर काम करणारा बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा म्हणाला, “काका, ठिणगी डोळ्यांवर येते. काहीतरी आडोसा करून द्या ना.” मी आमच्याकडची पाच मिलिमीटरची पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट आमच्याच मशीनवर कापली, कोपरे गोल केले आणि त्याच्यापुढे उभी करून दिली. वर म्हणालो, “आता बिनधास्त बघ.”

त्याने गॉगल वापरायचे सोडले. चार-पाच महिन्यांनी चकचकीत स्टीलच्या वाकड्या तुकड्यावर काम करताना त्याच्या उजव्या डोळ्यासमोर एकदम एक डाग आला. दुखले काहीच नाही. संध्याकाळी मोबाइल वाचताना त्याच्या लक्षात आले की ज्या शब्दाकडे बघावे तोच शब्द दिसत नाही, बाजूचे दिसतात. नेत्रतज्ज्ञांनी तपासून सांगितले की दृष्टिपटलाच्या मध्याजवळ भाजल्याची खूण आहे, आणि यावर चष्मा किंवा औषध नाही.

त्या रात्री मी पहिल्यांदा जुन्या सवयीचे वाक्य तपासायला बसलो. १ मायक्रॉनच्या प्रकाशाला अ‍ॅक्रिलिक म्हणजे उघडी खिडकी आहे. जवळजवळ सगळा प्रकाश आरपार जातो. मी त्या मुलापुढे भिंत म्हणून उभी केलेली वस्तू त्या किरणासाठी नव्हतीच.

डोळ्याची रचना इथे घात करते. सुमारे ०.४ ते १.४ मायक्रॉनपर्यंतचा प्रकाश डोळ्यातून आत जाऊन दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. त्यातला ०.७च्या पुढचा दिसत नाही, पण डोळ्याचे भिंग तो एकवटते मात्र, दृष्टिपटलावर सुमारे एक लाख पट तीव्र करून. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. दृष्टिपटलाला वेदनेची जाणीव नाही म्हणून दुखत नाही. आणि ‘फक्त २० वॅट, बल्बपेक्षा कमी’ हा समजही फसवा. असे मशीन सेकंदाला २०,००० ठोके देत असेल, आणि प्रत्येक ठोका शंभर नॅनोसेकंदांचा असेल, तर ठोक्याच्या त्या क्षणी ताकद सुमारे १० किलोवॅट होते.

लेझरचे गॉगल म्हणजे रंगीत काच नव्हे. खऱ्या गॉगलवर तरंगलांबीचा पल्ला आणि अडवण्याची क्षमता छापलेली असते. क्षमतेचा आकडा ६ असेल तर दहा लाखांतला एक भाग आत येतो. एका तरंगलांबीचा गॉगल दुसऱ्या तरंगलांबीला निरुपयोगी ठरू शकतो. त्या दिवसापासून कोणताही लेझर दिसला की मी ‘किती वॅटचा?’ असे आधी विचारत नाही. ‘किती मायक्रॉनचा?’ असे विचारतो.

तिसरा प्रकाश: अर्धी उघडी खिडकी

या प्रश्नानेच मला तिसऱ्या प्रकाशाकडे नेले. त्याच सुमारास आमच्याकडे एक काम आले होते. रक्ततपासणीच्या उपकरणात बसणारी पारदर्शक प्लास्टिकची चपटी डबी. आत केसाएवढ्या बारीक नळ्या कोरलेल्या, वर पारदर्शक झाकण. झाकण जोडायचे, पण गोंद चालणार नाही, कारण तो नळ्यांत उतरतो. प्लास्टिकचा भुगा पडलेला चालणार नाही. आणि डबी दोन्ही बाजूंनी पारदर्शक राहिली पाहिजे.

जुन्या लेझरने पाहिले, तर झाकणाचा वरचा पृष्ठभागच जळाला. उष्णता सांध्यापर्यंत पोहोचलीच नाही. फायबर लेझरने पाहिले, तर किरण दोन्ही थरांतून निघून गेला आणि खालचे टेबल तापले. वॅट वाढवले, तरी प्लास्टिक थंडच. कुठे धुळीचा कण असला तर तेवढा काळा ठिपका पडायचा. खालच्या भागात काजळी मिसळली की तो १ मायक्रॉनचा प्रकाश शोषतो आणि सांधा होतो. ही कारखान्यांतली रूढ पद्धत आहे, पण मग डबी काळी होते. आम्हाला हवा होता असा प्रकाश, जो वरच्या थरातून बऱ्यापैकी आत शिरेल आणि तरी वाटेत उष्णता सोडत जाईल. भिंत नको, उघडी खिडकीही नको. अर्धी उघडी हवी.

असा प्रकाश २ मायक्रॉनच्या आसपास मिळतो. का, हे समजायला सतार आठवा. सतारीला वरच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात. वर योग्य स्वर लागला की खालची न छेडलेली तार आपोआप झणकारते. स्वर चुकला तर कितीही जोरात वाजवा, ती गप्प. प्लास्टिकमध्ये कार्बन आणि हायड्रोजन यांचा बंध जागोजाग असतो. त्याचा मूळ स्वर सुमारे ३.४ मायक्रॉनवर लागतो. तिथे शोषण फार जोरदार होते. पण मूळ स्वराला वरची सप्तके असतात, तशी या बंधालाही आहेत. निम्म्या तरंगलांबीवर, म्हणजे १.७ मायक्रॉनच्या सुमारास एक, आणि निरनिराळ्या थरथरींच्या मिश्रणातून २.३ मायक्रॉनच्या सुमारास आणखी काही. हे स्वर मंद असतात. या दोहोंच्या मधल्या २ मायक्रॉनला प्लास्टिक सौम्य साद देते. प्रकाश काही मिलिमीटर आत जातो आणि जाताना हळूहळू उष्णता देतो. किरण भिंगाने सांध्यावर एकवटला की तिथे तो सर्वांत बारीक, म्हणून सर्वांत तीव्र असतो. दोन्ही तुकडे घट्ट दाबून धरले की तिथले प्लास्टिक वितळून एक होते, आणि वरचा पृष्ठभाग शाबूत राहतो. काजळी नको, गोंद नको. याच कारणाने टेफ्लॉनसारख्या पदार्थावर ही युक्ती चालत नाही. त्यात हायड्रोजनच नाही, म्हणजे ती तारच नाही.

हा प्रकाश देणारा तंतू यटर्बियमऐवजी थुलियमची भेसळ केलेला असतो. पेर क्लेव्ह या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १८७९ साली थुलियम आणि होल्मियम ही दोन्ही मूलद्रव्ये शोधली. थुलियमच्या तंतूला ०.७९ मायक्रॉनच्या डायोडने ऊर्जा दिली तर एक गंमत होते. एका प्रकाशकणाने उत्तेजित झालेला थुलियम आपली निम्मी ऊर्जा शेजारच्याला देतो, आणि एका कणाच्या मोबदल्यात दोन अणू लेझरसाठी तयार होतात. त्यामुळे तो कागदावरच्या साध्या हिशेबापेक्षा बराच किफायतशीर ठरतो. त्याचा प्रकाश साधारण १.९ ते २.०५ मायक्रॉनचा, होल्मियमचा २.१ मायक्रॉनचा. मध्य-अवरक्त प्रदेश काही जण २ मायक्रॉनपासून मोजतात, काही ३ पासून. म्हणजे थुलियम त्याच्या उंबरठ्यावर उभा आहे.

सूक्ष्म कामाला याचा दुसरा फायदा असा की किरण किती बारीक एकवटतो हे तरंगलांबीवर ठरते. सारखेच भिंग आणि सारखाच दर्जेदार किरण असेल, तर १०.६ मायक्रॉनच्या तुलनेत २ मायक्रॉनचा ठिपका सुमारे पाचपट लहान पडतो. शिवाय १०.६ मायक्रॉनचा प्रकाश साध्या काचतंतूतून जात नाही, त्याला आरशांनी वळवावे लागते. २ मायक्रॉनचा जातो. सिलिकॉनच्या चकत्यांबाबतही असेच. १.१ मायक्रॉनच्या पुढे सिलिकॉन पारदर्शक होतो. म्हणून २ मायक्रॉनचा तीव्र ठोका चकतीच्या आत किंवा मागच्या बाजूला एकवटून काम करता येते. आपल्या डोळ्याला आरशासारखी दिसणारी चकती त्याला काच असते.

आणि हा प्रकाश कदाचित तुमच्या घरापर्यंत पोहोचलाही असेल. माझ्या मेहुण्याचा मूतखडा फोडला तेव्हा डॉक्टरांनी ‘थुलियम’ शब्द उच्चारला आणि मी खुर्चीतून पुढे सरकलो. १.९४ मायक्रॉनला पाण्याचे शोषण एका शिखरावर असते, जुन्या होल्मियम लेझरच्या तरंगलांबीपेक्षा सुमारे चौपट. खड्यातले आणि भोवतीचे पाणी झटक्यात तापते आणि खड्याचा भुगा होतो. दगडावर काम करणारा प्रकाशही मुळात पाण्याची तार छेडत असतो.

उंबरठ्याच्या पलीकडे

मग सरळ ३ मायक्रॉनवर, मूळ स्वरावरच का जाऊ नये? अडचण तंतूची आहे. साधी काच म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन, आणि त्यांच्या बंधालाही आपली थरथर आहे. २.२-२.४ मायक्रॉनच्या पुढे तंतूच प्रकाश गिळू लागतो. वाट सापडली ती १९७४ साली फ्रान्समधल्या रेन विद्यापीठात. पुलँ बंधू आणि झाक ल्युका यांना झिर्कोनियमच्या फ्लोराइडवर काम करताना स्फटिकांऐवजी नवीच काच मिळाली. जड अणूंचे बंध संथ थरथरतात, म्हणून ही काच आणखी पुढच्या प्रकाशालाही वाट देते. तिच्यात एर्बियम मिसळून २.८-२.९ मायक्रॉनचे लेझर होतात. कॅनडातल्या लावाल विद्यापीठाने २०१५ साली २.९४ मायक्रॉनवर ३० वॅटपर्यंत मजल मारली. त्या तरंगलांबीचा प्रकाश पाण्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागातच संपतो. पण ही काच ठिसूळ असते. हवेतल्या ओलाव्याने तंतूचे टोक खराब होते आणि तिथेच तो तापून जळतो. हजारो वॅटच्या यटर्बियमशी तिची अजून तुलना नाही.

म्हणून कोणी ‘मध्य-अवरक्त म्हणजे सगळ्यावर उपाय’ म्हणत असेल तर ऐकू नका. पत्रा कापायचा असेल तर १ मायक्रॉनच योग्य. जाड अ‍ॅक्रिलिकची पाटी कापायची असेल तर पटेलांचा लेझर अजून राजा आहे. तिसरा प्रकाश त्याच कामाला घ्यावा, जिथे पदार्थ त्याला साद देतो.

आमच्या डबीचे नमुने आम्ही परगावी अशा मशीनवर करून पाहिले. सांधा हाताने उघडेना, आणि भिंगाखाली नळ्या स्वच्छ होत्या. मशीन आमच्या आवाक्यातले नव्हते. काम दुसऱ्याकडे गेले. तो नमुना मात्र माझ्या टेबलावर आहे.

२ मायक्रॉनबद्दल आणखी एक सांगायचे राहिले. १.४ मायक्रॉनच्या पुढचा प्रकाश दृष्टिपटलापर्यंत पोहोचत नाही, डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यातच शोषला जातो. म्हणून त्याला ‘डोळ्यांना सुरक्षित’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. त्या शब्दावर विश्वास ठेवू नका. दृष्टिपटल वाचले तरी पुढचा पारदर्शक पडदा भाजतो. आणि अर्धी उघडी खिडकी म्हणजे अ‍ॅक्रिलिकचा आडोसा इथेही पुरेसा नाही.

तो मुलगा आता तिशीत आहे. लेझर सोडून तो लेथवर काम करतो, माप घेताना मान किंचित डावीकडे वळवून. त्याने मला कधी बोल लावला नाही. मी मात्र दर धनत्रयोदशीला भांडी बाजारात जातो. मागच्या वर्षी एका दुकानदाराला मशीनला पत्र्याची पेटी करायला सांगितले. तो म्हणाला, “काका, गिऱ्हाइकाला नाव उमटताना बघायचं असतं. पेटीत काय दिसणार?” खोटे नव्हते. मग आम्ही पेटी केली, आत जुना मोबाइल बसवला आणि त्याचे चित्र बाहेरच्या पडद्यावर आणले. झाकण उघडले की किरण बंद होईल असे बटणही लावले. मुले आता पडद्याला नाक लावून उभी राहतात. नाव तितकेच सुबक उमटते.